एकाच गोळीची दोन माणसं

माझा धाकटा भाऊ दिलवर व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला त्या दिवशी आईने अंगण सारवलं, कोंबडा केला आणि शेजारणींना हाका मारून सांगितलं, पोरगा सुटला. मी आतल्या खोलीत खाटेवर पडले होते. मांडीत उतरणारी कळ दाबायला गुडघ्यांमध्ये उशी धरली होती. बाहेर माणसं येत होती, दिलवरच्या पाठीवर हात ठेवत होती. "मोठं काम केलंस, भाऊ." जी गोळी सोडली म्हणून त्याचं एवढं कौतुक चाललं होतं, तीच गोळी मी रोज सकाळ-संध्याकाळ घेत होते. तिच्यामुळेच मी शाळेत जाऊन शिकवू शकत होते. मला कोणी विचारायला आलं नाही. कोंबड्याचा वास आतपर्यंत येत होता आणि मला भावाचा इतका हेवा वाटत होता की जेवण जाईना.

हे लिहायचं कारण एक मुलगी. नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात, सगळे ज्याला सिव्हिल म्हणतात तिथे, बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातात माझ्यासारखीच चिठ्ठी होती. तिने विचारलं, "ताई, या गोळीची सवय लागते म्हणतात. मग मी व्यसनी होणार का?" माझी बस सुटायची वेळ झाली होती. मी नुसतं "नाही गं" म्हणाले आणि निघाले. तेवढं उत्तर पुरेसं नव्हतं.

घरात आम्ही पावरी बोलतो. इथे सगळ्यांचं बोलणं मराठीत लिहिलं आहे, कारण मी शाळेत शिकवते ती भाषा हीच. म्हसावदच्या औषध दुकानदाराचं बोलणं तेवढं अहिराणीतच ठेवलं आहे. ते तसंच कानात बसलंय.

रक्ताची तपासणी

आम्ही दोघं आश्रमशाळेत होतो तेव्हा रक्त तपासणारं पथक आलं. त्याआधी माझी बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे, हाडांच्या आत कोणी लाकूड फोडतंय असं दुखायचं. बडव्याने, म्हणजे पाड्यावरच्या भगताने, उतारा केला होता, आईने नवस केला होता. आजाराला नाव नव्हतं. नर्सबाईंनी दोघांना एकत्र बोलावून सांगितलं, "हिला सिकलसेल आहे, पूर्ण. भाऊ नुसता वाहक आहे, त्याला काही त्रास व्हायचा नाही."

दिलवरने विचारलं, "मी जाऊ खेळायला?" आणि तो गेला.

आई-बाप तेच. त्याच्या वाट्याला अर्धं आलं, माझ्या वाट्याला पूर्ण. तो वाईट मुलगा नव्हता. मी आजारी पडले की विहिरीवरून पाणी आणून द्यायचा. पण पाणी आणायला तो पळत जायचा, आणि ते पळणंच मला बघवत नसे.

खुब्याचा फोटो

शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा वाटलं, सुटले. म्हसावदजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. वडील गेल्यावर आई आणि दिलवर डोंगरातल्या पाड्यावरून खाली माझ्याकडे राहायला आले. माझं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. रक्ताची गोष्ट निघाली की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे. त्याचंही मी फार मनावर घेतलं नाही.

मग उजवा पाय ओढायला लागले. वर्गातली पोरं माझी नक्कल करायची, मीही हसायचे. पुढे फळ्यासमोर उभं राहणं जमेना. सिव्हिलमध्ये खुब्याचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "इथे रक्त पोचत नाही. हाड मरत चाललंय." खुबा बदलावा लागेल, पण माझा रक्ताचा आजार पाहता ती शस्त्रक्रिया तयारीने, मोठ्या ठिकाणी करावी लागेल. तोवर दुखणं आवरून ठेवायचं. मला एवढंच ऐकू आलं की माझ्यातलं काहीतरी मरत चाललंय आणि मी ते अंगात घेऊन हिंडते आहे. बाहेर चिंचेखाली बसून रडले.

त्याच दवाखान्यात दुखणं कमी करण्यासाठी एक वेगळी खोली आहे. कॅन्सरची माणसं तिथे जास्त येतात. तिथल्या मॅडमनी मला ट्रामाडॉल सुरू केली. म्हणाल्या, "घड्याळ बघून घ्यायची. दुखण्याची वाट बघायची नाही. आणि आपल्या मनाने वाढवायची नाही, आपल्या मनाने सोडायचीही नाही."

पहिल्या आठवड्यात एका सकाळी परिपाठ झाला, राष्ट्रगीत झालं, आणि माझ्या लक्षात आलं की मी टेबल धरलेलं नाही. त्या दिवशी मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. ज्याचा पाय दुखत नाही त्याला यातलं सुख कळणार नाही.

तरी मी ती गोळी लपवून घ्यायचे. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई मधुमेहाच्या आहेत. डबा उघडण्याआधी त्या पोटात इन्सुलिन टोचून घेतात. सगळे हात आवरून थांबतात, "बाईंचं होऊ द्या" म्हणतात. त्यांनी इन्सुलिन सोडलं तर त्यांचंही शरीर कोसळेल. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही. मी दप्तरखोलीत जाऊन गोळी गिळायचे आणि बाहेर येऊन त्या सुईकडे हेव्याने बघायचे.

दिलवर

दिलवर केळीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. शहाद्याकडून भरलेली गाडी थेट उत्तरेत न्यायची, केळी पिकायच्या आत पोचवायची. वाटेत एका धाब्यावर त्याला ही गोळी मिळाली. चिठ्ठी नाही, काही नाही. अंग हलकं राहतं, कंटाळा येत नाही, असं त्याला सांगितलं. माझ्या पाकिटातली त्याने कधी घेतली नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण गावात नेमकं तेच बोललं गेलं.

आधी एक, मग मूठभर. आईचे चांदीचे तोडे गेले. त्याने खोटं बोलायला सुरुवात केली, तेही इतक्या गोड आवाजात की आपल्यालाच लाज वाटावी. एकदा गाडी दुभाजकावर चढवली. क्लीनर थोडक्यात वाचला. त्यानंतर दोन मामांनी त्याला केंद्रात नेऊन सोडलं.

तिथल्या समुपदेशकांनी आईला बसवून समजावलं, "मुलगा वाईट नाही, आजारी आहे." आई घरी आली ती हेच घोकत. जो भेटेल त्याला सांगायची, माझा दिलवर वाईट नाही, आजारी आहे. सांगताना तिचे डोळे भरून यायचे.

मी जन्मापासून आजारी आहे. माझ्याबद्दल कोणी विचारलं तर ती म्हणायची, "हिचं असंच असतं."

दुकानात आणि घरात

दिलवर परत आला त्याच सुमारास माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या. दर वेळी नंदुरबारला जाणं झेपत नाही, म्हणून मॅडमच्या चिठ्ठीवर मी म्हसावदच्या दुकानातून घ्यायचे. त्या दिवशी दुकानदाराने चिठ्ठी हातातच घेतली नाही.

"ताई, ह्या गोळ्या आते मी ठेवत नही."

"सिव्हिलची चिठ्ठी आहे ना."

"चिठ्ठी शे, मी कोठे नही म्हनस? पन तपासनीवाला येतस. मन्हं लायसन जाई." मग थोडा पुढे वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुन्हा भाऊबी ह्याच खाये ना? घरमा दोन्हीसले सवय लागनी का?"

काउंटरवर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. तिने मान खाली घातली. मी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि लंगडत बाहेर आले. एरवी मी दुकानातून निघताना पाय सरळ टाकायचा प्रयत्न करते. त्या दिवशी केला नाही.

घरी आले तर चुलीतून प्लास्टिक जळल्याचा वास. केंद्रातून आईला सांगितलं होतं की घरात अशा गोळ्या ठेवू नका. तिने माझं उरलेलं पाकीट चुलीत टाकलं होतं.

"एकाला कसंबसं सोडवून आणलं," ती म्हणाली. "आता त्या गोळ्या या घरात नकोत."

"आणि माझं काय, आई?"

"तू सहन करणारी आहेस."

हे तिने मायेनेच म्हटलं. मला मात्र वाटलं, सहन करते म्हणूनच माझ्याकडे कोणी बघत नाही. उद्यापासून मीही तोडे विकावेत, खोटं बोलावं, गाडी कुठेतरी चढवावी.

अंगाचा उठाव

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात जांभया यायला लागल्या, थांबेनात. डोळ्यांतून, नाकातून पाणी. बाहेर ऊन तापलेलं आणि माझ्या हातांवर काटा. पोटात मुरडा. मुलांना पाढे लिहायला सांगून मी तीनदा मागे जाऊन आले. मुख्याध्यापकांनी रिक्षाने घरी पाठवलं.

खाटेवर पडले तर पाय शांत राहीनात. आतून कोणी सतत झटका देतंय असं होत होतं. खुबा हलू नये म्हणून मी पाय आवळून धरायचे, पाय ऐकायचे नाहीत, आणि प्रत्येक झटक्याला खुब्यातून जीव निघायचा. हे माझं नेहमीचं दुखणं नव्हतं. सिकलसेलचं दुखणं मी ओळखते.

दिलवर दारात येऊन उभा राहिला. मग जवळ येऊन बसला. माझ्या दंडावरचा काटा त्याने बघितला, डोळे बघितले.

"ताई, हे मला झालं होतं," तो म्हणाला. "केंद्रात गेल्या गेल्या. अगदी असंच."

आई मागे उभी होती. ती खाली बसली. "म्हणजे तूपण?"

मलाही तेच वाटलं. त्याला झालं ते मला झालं, म्हणजे तो जो होता तीच मी. आयुष्यभर ज्याच्या निरोगी रक्ताचा हेवा केला, त्याच्या बरोबरीला आले तर अशी आले. आणि खरं सांगायचं तर त्यातही हेवा होताच. तो यातून गेला तेव्हा त्याच्या उशाशी कोणी बसलेलं होतं, गार पाण्याची पट्टी ठेवत होतं, पाठ थोपटत होतं. माझ्यासमोर आईचा तो चेहरा होता.

"हिलाही तिथेच नेऊ," आई म्हणाली.

"आधी सिव्हिलला नेऊ," दिलवर म्हणाला. "माझ्याकडे चिठ्ठी नव्हती, आई. हिच्याकडे आहे."

मॅडमची खोली

त्याने मित्राची पिकअप आणली, मागे गादी टाकली आणि खड्डे चुकवत मला नंदुरबारला नेलं. मॅडमनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य रागाचं निघालं, "एकदम कोणी बंद केली?" सलाईन लावलं, गोळी दिली. तासाभरात पाय निवले. मग मी विचारलं, "मॅडम, मी व्यसनी झाले का?"

त्या स्टूल ओढून बसल्या. "गोळी घेतल्यावर तू काय करतेस?"

"शाळेत जाते."

"दुखणं थोडं जास्त असलं तर जास्तीची घेतेस?"

"तुम्ही नको म्हणालात ना."

मग त्यांनी दिलवरला विचारलं, "आणि तू? गोळी मिळाल्यावर काय करायचास?"

दिलवरने जमिनीकडे बघत सांगितलं, "पुढची शोधायचो."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, त्या बाकावरच्या मुलीसाठी. रोज घेतलेल्या या औषधाला शरीर सरावतं. तुझंही सरावेल, कोणाचंही सरावतं. ते अचानक काढून घेतलं तर शरीर असंच उठतं. याला अवलंबून असणं म्हणतात. ते औषध चालू असल्याचं लक्षण आहे, तुझ्या स्वभावाचं नाही. सोडायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू उतरवतात. व्यसन वेगळं. गोळी आयुष्य मोडते आहे हे दिसत असूनही माणूस तिच्यामागेच जातो, तिच्यासाठी बाकी सगळं सोडतो, आणि स्वतःला थांबवू शकत नाही. तोही आजारच आहे, त्यालाही उपचार आहेत. कधी कधी एकाच माणसाला दोन्ही होतं, म्हणून लपवायचं नाही, डॉक्टरांना खरं सांगायचं. पण एक झालं म्हणजे दुसरं झालंच, असं नाही.

"मग दुकानदार देत का नाही?" मी विचारलं.

"याच्यासारखी पोरं मरायला लागली म्हणून नियम कडक झाले. ते व्हायलाच हवे होते," मॅडम म्हणाल्या. "नियमात तुझ्यासाठी वाट ठेवलेली आहे. पण दुकानदाराला वाट दिसत नाही, तपासणी दिसते. तो सोपं करतो, ठेवतच नाही. मग चिठ्ठीवाला आणि बिनचिठ्ठीवाला दोघं एकाच रांगेत उभे राहतात."

निघताना त्यांनी दिलवरच्या खांद्यावर हात ठेवला. "गोळ्यांच्या खोलीत बसून राहिलास बहिणीसाठी. सोपं नव्हतं हे तुला." सलाईन माझ्या हाताला, आणि कौतुक पुन्हा त्याचंच. मनात ते आलं आणि मला माझंच हसू आलं.

ग्रामसभा

महिनाभराने ग्रामसभेत दोन विषय होते. दिलवरचा शाल देऊन सत्कार, आणि गावात नशेच्या गोळ्या विकायला बंदी घालण्याचा ठराव. ग्रामसेवकांनी वाचून दाखवलेल्या मसुद्यात माझ्या गोळीचं नाव स्पष्ट होतं.

दिलवरच्या अंगावर शाल पडली, टाळ्या झाल्या. मी खुर्ची धरून उभी राहिले.

"मी रोज ही गोळी घेते," मी म्हणाले. सभेत कुजबुज झाली. "माझ्या खुब्याचं हाड मेलं आहे. सिव्हिलची चिठ्ठी आहे. तुम्ही बंदी केलीत तर मी उद्यापासून तुमच्या मुलांना शिकवू शकणार नाही. धाब्यावर विकणाऱ्याला पकडा. मी स्वतः तुमच्याबरोबर येते. पण मला आणि त्याला एका ओळीत लिहू नका."

एकजण म्हणाला, "बाई, तुमच्या एकटीसाठी ठराव कसा बदलायचा?"

मागच्या ओळीतून एक बाई उठल्या. मी त्यांना ओळखत नव्हते. "एकटीसाठी नाही," त्या म्हणाल्या. "माझी सासू कॅन्सरने गेली. गोळी मिळाली नाही. ओरडत गेली. शेवटी आम्ही दार लावून घ्यायचो." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

सरपंचांनी ठरावात एक वाक्य घालायला लावलं: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध घेणाऱ्या रुग्णांना ही बंदी लागू नाही. ठरावात वाक्य आलं, दुकानात गोळी अजून आलेली नाही. दुकानदार आता चिठ्ठी हातात घेतो, वाचतो आणि "मागाडस ताई", मागवतो, म्हणतो, एवढाच फरक. मी अजून एसटीने नंदुरबारला जाते.

डबा

मॅडमचं म्हणणं दिलवरने आईला समजावलं, तेव्हापासून घरात माझा गोळ्यांचा डबा तिच्याच पेटीत, कुलपात असायचा. एका सकाळी मी डबा उघडून गोळी काढली, झाकण लावलं, तर दिलवर दारात उभा.

"ताई, तो डबा माझ्यासमोर उघडू नकोस."

मला राग आला. म्हटलं, आता याच्यासाठी मी माझ्या घरातही लपायचं का? "तुझ्यावर कोणी संशय घेतलाय का?" मी फणकारले.

"संशय नाही." तो उंबऱ्यावर बसला. "तू एक काढतेस आणि झाकण लावतेस. रोज. मला ते बघवत नाही. हेवा वाटतो तुझा."

तो धडधाकट पायांनी उंबऱ्यावर बसला होता. त्याच्या रक्तात दोष अर्धाच. त्याच्या नावाने सभेत टाळ्या झालेल्या. आणि त्याला माझ्या हातातलं झाकण हवं होतं. मी सुचेल ते विचारलं, "अजून आठवते?"

"आठवायला विसरावी लागते," तो म्हणाला. "चहा घेतला?"

तेव्हापासून डबा घरात नाही. आमच्या गल्लीतल्या आशा कार्यकर्त्या सुमनबाईंनी तो त्यांच्याकडे कुलपात ठेवून घेतला. सकाळी शाळेत जाताना आणि संध्याकाळी परतताना मी त्यांच्या ओट्यावर बसून गोळी घेते. आई सुरुवातीला कुरकुरली, लोक काय म्हणतील म्हणून. लोक बघतातच. बघू देत.

शस्त्रक्रियेची तारीख अजून मिळालेली नाही. दिलवरचं पाऊल मध्ये एकदा घसरलं, तो स्वतःच केंद्रात जाऊन आला, आणि आता केळीच्या पॅकिंगवर कामाला आहे. तिथे प्रवास नाही. मला त्याचा हेवा अजूनही वाटतो, विशेषतः तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो तेव्हा.

सकाळी मोटारसायकलवर तोच मला सोडतो. सुमनबाईंच्या घराआधीच्या वळणावर गाडी थांबवतो आणि तोंड फिरवून उभा राहतो. मी भिंत धरत तेवढं अंतर चालते, ओट्यावर बसते, गोळी गिळते, वर तांब्याभर पाणी पिते. सुमनबाई डबा आत नेतात, कुलूप लागल्याचा आवाज येतो. मग मी त्याला हाक मारते, आणि तो गाडी घेऊन येतो.